सातखाट्या डोहातली वाम

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझाही बसत नाही, आणि मी तर तिथं हजर होतो."

"मंग सांगताच कायले, आबाजी?" रूपचंद म्हणाला. "सांगनाऱ्यालेही पटत नाई अन् आयकनाऱ्यालेही पटत नाई, तं राहू द्या ना."

रूपचंद आमच्या मोहघाटच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. वय लहान, मिशी मोठी. त्याचा आजा बकाराम माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास न ठेवता मेला आणि तो अविश्वास घरातल्या भांड्यांसारखा नातवाच्या वाट्याला आला.

माघातली दुपार होती. घाटावरच्या करंजाखाली आम्ही फाटकी जाळी सांधत बसलो होतो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. समोर वैनगंगा होती, म्हणजे असायला हवी होती. पोळ्यानंतर पावसाने तोंड फिरवलं ते फिरवलंच. आता नदीच्या जागी नजर पोचेल तिथवर पांढरी वाळू आणि तिच्यातून कुणाच्या हातून ताक सांडावं तशी पाण्याची एक ओघळ. बाकीचं पाणी आणि पाण्यातली सगळी मासळी वरच्या अंगाला सातखाट्या डोहात जाऊन बसली होती. सात खाटांची सुतळी उसवून एकीला एक जोडून सोडली तरी तळ लागत नाही, म्हणून सातखाट्या. डोहाच्या काठाला हत्तीएवढा एक काळा खडक आहे, त्याला हत्तीगोटा म्हणतात. आम्हा ढिवरांचा जुना कायदा असा, की हत्तीगोट्याचे गुडघे उघडे पडले की डोह बंद. पाऊस येईपर्यंत तिथं जाळं नाही, गळ नाही, लहान पोराने गंमत म्हणून टोपलीसुद्धा बुडवायची नाही. नदी आटली म्हणजे मासळी त्या डोहात अंग चोरून जीव धरून असते. पुढच्या सालचं बियाणं ते. बियाणंच भाजून खाल्लं तर पेरायचं काय?

यंदा पौषातच गुडघे दिसले. तेव्हापासून जाळी झाडावर आणि आम्ही झाडाखाली.

"सांगा हो आबाजी," नाजुका म्हणाली. ही माझ्या भाच्याची सून. तिला माझ्या गोष्टी आवडतात, कारण ती नवीन आहे.

आमच्यापासून चार हातांवर कौतिका वयनी मांडीवर सूप घेऊन चिकणमातीच्या गोळ्या वळत बसली होती. त्या भाजून जाळ्याच्या काठाला बांधल्या की जाळं पाण्यात सरळ खाली जातं. गोळी ओली आहे तोवर वयनी तिच्यात तांदळाचा एक दाणा दाबते. भट्टीत दाणा जळून जातो आणि दाण्याएवढा खळगा राहतो. ही तिची खूण. दर घरच्या बाईची खूण निराळी, कोणी नख रुतवते, कोणी दोरा ओढते. जाळं पुरात वाहून गेलं तरी गोळी हातात घेऊन घर सांगता येतं.

वयनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, दसारामची, बायको. आता ऐंशीला टेकली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या आणि दोन्ही कान पार गेलेले. तिला चहा हवा का विचारायचं तर पलीकडच्या तीरावरचे लोक "नको" म्हणतात.

म्हणूनच मी तिच्याकडे पाठ केली, जाळं गुडघ्यावर ओढलं आणि सुरुवात केली.

"तो हिवाळा यंदापेक्षा कोरडा. यंदा निदान ओघळ तरी आहे. तेव्हा नदीला घाम फुटला तर फुटला, एवढंच पाणी. बगळे एका पायावर उभे राहायचे ते दुसरा पाय टेकायला ओल नाही म्हणून. एक दिवस सकाळी मी उठून बाहेर आलो तर मरळ मासे हापशीपाशी रांग लावून उभे."

"रांग?" रूपचंद म्हणाला.

"रांग. पहिल्याला दांडा मारायला हात नव्हता, म्हणून मागचे खोळंबले होते."

नाजुका तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"मरळ चिखलातून सरपटत जाते, हे मी पायलं हाय," रूपचंद म्हणाला. "पन रांग नाई लावत ती. तिले का राशन आनाचं हाय?"

"तू अध्यक्ष झालास ना, आता लावेल. ऐक. हसण्याची गोष्ट इथं संपली."

आणि खरंच संपली होती. त्या हिवाळ्यात घराघरांत चूल थंड पडायला लागली. ढिवराच्या घरात तांदूळ येतो तो मासळीच्या टोपलीतून येतो. बायका रिकामी टोपली डोक्यावर घेऊन शेतकऱ्यांच्या दारोदार फिरायच्या, कारण रिकामी का असेना, टोपली असली म्हणजे भीक मागतो असं दिसत नाही. अर्धं गाव कडी लावून विटभट्ट्यांवर गेलं. जे उरले ते रोज संध्याकाळी डोहाच्या दिशेने बघायचे. तिथून आवाज यायचा. एवढी मासळी एवढ्याशा जागेत कोंडलेली, की पाठीला पाठ घासून पाणी सारखं चुळबुळायचं. भुकेल्या माणसाला तो आवाज कसा ऐकू येतो ते मी सांगत नाही. शेजारच्या घरात कोणी पोहे कांडतंय असा.

अशात बकारामने शहरातून एक ठेकेदार आणला.

"माहा आजा," रूपचंद नाजुकाला म्हणाला. "यायच्या गोष्टीत नेहमी तोच खराब निंगते."

"खराब नव्हता रे. भुकेला होता. त्याच्याही घरी पाच तोंडं होती. ठेकेदार म्हणाला, दोन इंजनं लावतो, डोह उपसतो, पाणी पलीकडच्या मळ्याला विकतो आणि मासळी गाडीत भरतो. गावाला घरटी इतकं इतकं देतो. बकाराम म्हणाला, चालेल. पण डोह असा कोणीही उघडू शकत नव्हता. डोहाला राखणदार होता."

राखणदारी दसारामच्या घराण्याची. त्याने नारळ फोडून बंद म्हटलं की बंद, उघडा म्हटलं की उघडा. राखणदार गावात नसला तर त्याची बायको त्याच्या नावाने राखण करू शकते. पण तो मेला आणि मुलगा नसला, तर राखण पुढच्या घराकडे जाते, कारण विधवेच्या हातचा नारळ डोहाला चालत नाही. असा कायदा होता. कुणी केला ते विचारू नका, करणाऱ्यात विधवा कोणी नव्हती एवढं नक्की. आणि पुढचं घर म्हणजे बकारामचं.

"अन् दसाराम आजा कोठी होता?" नाजुकाने विचारलं.

"तेच तर."

दसाराम त्याच्या पाच वर्षं आधी नाहीसा झाला होता. भाद्रपदात एका संध्याकाळी डोंगा घेऊन निघाला आणि परतला नाही. वयनी तेव्हा माहेरी गेलेली. नदी भरून वाहत होती. आम्ही खाली चार गावं शोधली. दसाराम नाही, डोंगा नाही, वल्ह्याचं लाकूडसुद्धा नाही. वयनी माहेरून आली, घरात गेली, दार लोटून घेतलं. आणि तिसऱ्या दिवशी बकाराम दाराशी हजर.

"वयनी," तो म्हणाला, "वाईट झालं. पन राखणीची काठी घरात पडून राहाले नाई पाहिजे."

वयनी दारात उभी राहिली. कपाळाला कुंकू होतं. तिने माझ्याकडे पाहिलं की बकारामच्या मागच्या आंब्याकडे, मला अजून सांगता येत नाही. पण माझं तोंड आपोआप उघडलं. माझं तोंड हे असंच आहे, मालकाला न विचारता कामाला लागतं.

"काठी कायची मांगतेस गा?" मी म्हणालो. "दसाराम तं वडस्याले गेला. नाटकमंडळीत. मी सोता बसवून देल्लं त्याले गाडीत. डोंगा इकला अन् भाडं केलं."

बकारामचं तोंड उघडं राहिलं. वयनीचं मिटलेलंच होतं. ती आत गेली आणि चुलीचा धूर निघाला.

"म्हंजे तुमी खोटं बोलले," रूपचंद म्हणाला.

"मी अंदाज सांगितला. आमच्या झाडीपट्टीत घर सोडून गेलेला दर तिसरा माणूस नाटकातच सापडतो. पण अंदाजाला एकदा जन्म दिला की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. पहिल्या वर्षी दसाराम पडदा ओढत होता. दुसऱ्या वर्षी शिपाई झाला. तिसऱ्या वर्षी मी त्याला राजाचा पार्ट दिला. मुकुट, तलवार, जरीचा कोट. रात्रभर नाटक चालायचं आणि पहाटे राजा प्रधानाला माफ करायचा तेव्हा बाया हुंदके देऊन रडायच्या. वयनी पाणी भरायला आली की विचारायची, काय भाऊजी, गेल्ते का वडस्याले? मी सांगायचो. ती घागर काखेत तशीच धरून शेवटपर्यंत ऐकायची."

माझ्या पाठीमागे सूप हलल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं. वयनी खाली मान घालून गोळी वळत होती.

मी आवाज उतरवला, खरं तर गरज नव्हती तरी.

"तर त्या कोरड्या हिवाळ्यात पंचांची बैठक बसली. बकाराम उभा राहिला."

तो मला म्हणाला, "डोमा, पाच वर्सं झाली. एवढा मोठा राजा, त्याले बायकोच्या दाराशी एकडाव याले नाई होत?"

"हिवाळा म्हंजे नाटकाचा सीझन असते," मी म्हणालो.

"अन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात तालीम."

लोक हसले. बकाराम हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "आजवर डोहात पानी होतं, म्हनून तुही गोष्ट चालली. आता पानी हाय कोठी? परवा सकारी सारं गाव डोहावर जाऊ. जे कोनी कधी पायलं नाई ते यंदा दिसन. दसाराम राजा झाला असंन तं मले आनंद हाय. पन डोहात गेला असंन, तं डोंगा तेथंच कोठीतरी असंन. डोंगा दिसला का राखण माह्या घरी, अन् दुसऱ्या दिवशी इंजनं लागतीन. नाई दिसला, तं वयनीनं नारळ फोडाव, मी पुन्हा तोंड उघडनार नाई."

सगळे वयनीकडे बघायला लागले. ती बायकांच्या घोळक्यात बसली होती.

"पाहा," ती म्हणाली. एवढंच.

मी मोठ्याने हसलो. खूप हसलो. घरी गेलो आणि भाकर गिळेना. खोटं सांगणाऱ्याची एक अडचण असते, बाबांनो. त्याला खोटं पाठ असतं, पण खरं काय ते त्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी एकटाच डोहावर गेलो. थंडी अशी की नाकातला वारा गोठावा. डोहावर धुकं साचलेलं. मी खांद्यावरचा दुपट्टा कानाला गुंडाळला आणि हत्तीगोट्यापाशी उतरलो. आजवर मी त्याचे गुडघे पाहिले होते. त्या दिवशी त्याचं पोट दिसलं. जन्मापासून त्या खडकावर उड्या मारल्या होत्या, त्याला पोट आहे हे मला माहीत नव्हतं. पोटाखाली एक सपाट कपार, तिच्यावर गुडघाभर निवळ पाणी, आणि कपारीच्या पुढे एकदम काळोख, जिथून सात खाटांची सुतळी सुरू होते.

कपारीवर सुसर झोपली होती.

"सुसर!" नाजुका म्हणाली.

"मला वाटलं सुसर. लांब, काळी, पाठीवर शेवाळ. मी खडा मारला. टक्क असा आवाज आला. लाकडाचा."

उपडा डोंगा होता.

मला आठवतं ते एवढंच, की मी पाण्यात उतरलो आणि पाणी थंड लागलं नाही. डोंग्याच्या टोकाला भोरजाळं गुंडाळलं गेलं होतं, कुजून केसांसारखं झालेलं. मी हात लावला आणि जाळ्याची एक गोळी तुटून माझ्या हातात आली. शेवाळाने हिरवी झालेली. अंगठ्याने पुसली. दाण्याएवढा खळगा होता.

साठ गोष्टी एका दमात सांगणारा माणूस मी, मला एक शब्द सुचेना. पाच वर्षं मी ज्याला कपडे चढवले होते, मुकुट घातला होता, टाळ्या मिळवून दिल्या होत्या, तो माणूस सबंध पाच वर्षं गावापासून हाकेच्या अंतरावर होता. मी वडस्याच्या मांडवात त्याच्या नावाने शिट्ट्या वाजवल्याचं सांगत होतो तेव्हा तो इथं होता. आणि मी सांगता सांगता एवढा मुरलो होतो, की तो गेला याचा धक्का मला पाच वर्षांनी बसला, गुडघाभर पाण्यात, एकट्याला. गाडीत बसवून दिला म्हणालो होतो ना? मला खरंच आठवत होतं, तो खिडकीतून हात हलवत होता.

मासे माझ्या पोटऱ्यांना घासत होते. त्यांना माझी भीती राहिली नव्हती. जायला जागाच नव्हती बिचाऱ्यांना.

आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव इथं येणार होतं. आंधळ्यालाही दिसेल असा डोंगा. त्यानंतर वयनीच्या हातातल्या बांगड्या फुटतील, डोहाला इंजनं लागतील, आणि पुढच्या साली नदीला पाणी आलं तरी त्यात पोहायला कोणी नसेल.

मी थांबलो. करंजाखाली रूपचंदच्या हातातली जाळ्याची सुई तशीच राहिली होती.

"मंग, आबाजी?" तो म्हणाला. आवाजात अध्यक्ष नव्हता.

मला गंभीर माणसं बघवत नाहीत. आणि पुढचं मी तीस वर्षं जसं सांगत आलो आहे तसंच सांगायचं मला येतं.

"मग," मी म्हणालो, "डोह फाटला."

"वाम!" नाजुका म्हणाली. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. डोंग्याचं तेवढं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आजवर वाम फक्त माझा दुपट्टा ओढून न्यायची.

"वाम. सापासारखी लांब मासळी, पण हिचं मुंडकं रांजणाएवढं. अंग हत्तीगोट्याला तीन वेढे बसतील एवढं. मिश्या या रूपचंदसारख्या."

"वामेले मिशा नसते."

"म्हातारपणी येतात. ती कपारीवर आली, डोंग्याला वेढा घातला आणि ओढायला लागली. मी इकडून धरला. म्हटलं, माझ्या भावाचा आहे. ती तिकडून ओढते, मी इकडून ओढतो. सूर्य वर आला तरी आमचं चाललंच. मग मला अक्कल सुचली. मी हात जोडले. म्हटलं, माय, ने. खाली ने, जिथं सुतळी पोचत नाही तिथं ने. उद्या कुणाला दिसू देऊ नको. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे माणसासारखे. मग शेपटीचा एक फटका दिला, डोंगा घेतला आणि गेली. जाता जाता माझा दुपट्टाही घेऊन गेली."

"अन् दुसऱ्या दिवशी?" रूपचंदने विचारलं.

"विचार तुझ्या घरी. सगळं गाव आलं. तुझा आजा बांबू घेऊन कपारीवर उतरला, इकडे खुपस तिकडे खुपस. निवळ पाणी, खालचा खडेनखडा दिसतोय. डोंगा नाही. ठेकेदार काठावर उभा होता, तो चुकचुकला आणि निघून गेला. मग वयनी पुढे आली. तिच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या, भात कांडताना सोलवटले म्हणाली. नारळ तीन घावांत फुटला. 'डोह बंद,' ती म्हणाली. बकारामने शब्द पाळला, मरेपर्यंत तो विषय काढला नाही. पुढच्या आषाढात नदी आली तेव्हा पाण्यात एवढी पिल्लं होती, की घागर भरली तर अर्धी मासळीच यायची. आजही डोह बंद ठेवायचा संस्थेचा ठराव आहे, तो त्या नारळामुळे. आणि तो नारळ त्या वामेमुळे."

"अन् दुपट्टा?" नाजुकाने विचारलं.

"हां! नारळ फुटल्यावर घरी आलो तर दुपट्टा माझ्या कुंपणावर वाळत घातलेला. धुतलेला, पिळलेला, चारी टोकं सारखी केलेली. मासळी, पण इमानदार."

रूपचंदने मान हलवली. "डोंग्यापर्यंत मले पटलं होतं, आबाजी. वामेनं घान केली."

"पुरावा पाहिजे?" मी कमरेची चंची सोडली आणि तंबाखूच्या पानाखालून ती गोळी काढली. तीस वर्षांत हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. खळगा मात्र तसाच. रूपचंदने ती तळव्यावर घेऊन पाहिली. नाजुकाने त्याच्या हातून घेतली, उलटीसुलटी केली, आणि मी काही म्हणायच्या आत उठून वयनीच्या सुपाजवळ जाऊन बसली.

"अगाई, सेम आजीच्या गोळ्यावानीच हाय!"

तिने ती सुपातल्या ओल्या गोळ्यांशेजारी ठेवली. वयनीचा हात थांबला. तिने मातीची बोटं लुगड्याला पुसली. गोळी उचलली, डोळ्यांजवळ नेली, खळग्यातून अंगठा फिरवला.

"ही तुमच्याजवर होती काय, भाऊजी?" ती म्हणाली. "मी म्हनो, एक कमी कशी भरून राहिली."

माझ्या हातातलं जाळं खाली घसरलं.

"वयनी," मी म्हणालो, आणि अगदी हळू म्हणालो, "तुले आयकू येते?"

"तुमच्या शेजारी राहाचं तं भैरं झालेलंच बरं असते." तिने गोळी मुठीत धरली. "कोठची वाम, भाऊजी? तुमी डोंगा पायला अन् जे पराले ते थेट गोधडीत. मी वर करवंदीच्या जाळीमांगं उभी होती. डोंगा सुलटा करून दगड मी भरले त्यात. कपारीवरून ढकलला मीच. त्याच्या आंधी जाळ्याच्या गोळ्या तेवढ्या काढून घेतल्या, माह्या हातच्या होत्या म्हनून. तुमचा दुपट्टा काट्यात अडकला होता. धुवाच लागला असता. काऊन, ते या पोट्ट्याइसमोर नाई सांगत."

रूपचंद हसला नाही. "आजी," तो म्हणाला, "म्हंजे त्या दिवशी तुले समजलं, का आजा—"

"त्या दिवशी कायले?" वयनी म्हणाली. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "दिवस बुडाला का तुमच्या भावाले सोताचा हात दिसत नव्हता, भाऊजी. लगन झाल्यापासून मी त्याइचा हात धरून रातची डोहाची राखण केली, कोनाले समजू नाई देल्लं. मी मायेरी गेल्ती, तेवढीच एक संध्याकार." तिने मुठीतली गोळी सुपात ओल्या गोळ्यांमध्ये ठेवली आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "वडस्याचं नाटक तं रातभर चालते. डोऱ्यानं दिसत नाई तो मानूस तलवार घेऊन कसा नाचला असंन?"

तिने मातीचा नवा गोळा घेतला आणि तळव्यावर फिरवला.

"पन राजाचा पार्ट चांगला देल्ला होता तुमी."